परसातला कोबी : छत्तीस रोपांच्या नोंदी

15 सप्टेंबर 2024

सासवडच्या आमच्या घरामागे अर्ध्या गुंठ्याची परसबाग आहे. गेल्या वर्षी रोपवाटिकेतून कोबीची वीस रोपं आणली होती. निम्मी अळीने चाळणी केली, उरलेल्यांतले गड्डे एका आठवड्यात पटापट फुटले. नेमकं काय केव्हा झालं ते काहीच लिहिलेलं नसल्यामुळे चूक कुठे झाली ते शोधता आलं नाही. म्हणून यंदा बियाण्यापासून सुरुवात करायची आणि वहीत सगळं टिपायचं ठरवलं आहे.

आज जागा नक्की केली. हौदाच्या पूर्वेला उन्हाळ्यात गवार होती, तो तुकडा. गवारीच्या मुळांवरच्या गाठींनी जमिनीत थोडं नत्र ठेवलं असणार आणि कोबीला नत्राची भूक मोठी. गेल्या वर्षीचा कोबीचा वाफा आणि त्याच्या शेजारचा मुळ्याचा, दोन्ही मुद्दाम टाळले. मुळा, मोहरी, फुलकोबी, नवलकोल, कोबी हे सगळे एकाच कुळातले, त्यामुळे एकाचा रोग दुसऱ्याला आयता मिळतो.

वाफा 4 फूट रुंद, 18 फूट लांब. वीतभर खणलं. खाली मुरूम लागतो, पण वर काळसर माती बरी आहे. तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि 1 किलो निंबोळी पेंड मिसळून ठेवली. महिनाभर पडू दे.

22 सप्टेंबर

वाण गोल्डन एकर. जुना, लवकर येणारा, गड्डा गोल आणि किलो-सव्वा किलोचा. चार माणसांच्या घराला तीन किलोचा गड्डा काय करायचा? चिरलेला अर्धा गड्डा फ्रीजमध्ये काळा पडत बसतो.

बी टाकण्याआधी गरम पाण्याची प्रक्रिया केली. कोबीवरच्या घाण्या रोगाचे जिवाणू बहुतेक वेळा बियातूनच येतात. 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास बी ठेवलं तर ते मरतात आणि बी जगतं. 55 च्या वर गेलं तर उगवण बिघडते, 45 वर राहिलं तर रोग तसाच. चहाच्या थर्मासमध्ये पाणी घेतलं, बी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडलं आणि दर पाच मिनिटांनी तापमापक बुडवून बघत बसले. दोनदा चमचा-चमचा उकळतं पाणी घालावं लागलं. मग गार पाण्यात बुडवून सावलीत वाळवलं आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) चोळलं.

रोपांसाठी 3 बाय 3 फुटांचा गादीवाफा, अर्धा फूट उंच. तीन-तीन बोटांवर रेघा ओढून बी टाकलं. पुडी 10 ग्रॅमची, त्यातलं जेमतेम अर्धा ग्रॅम लागलं. मोहरीएवढं बी, तेवढ्यातच शंभराच्या वर दाणे येतात. उरलेली पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात. कोरडं राहिलं तर तीन वर्षं चालतं.

26 सप्टेंबर

चौथ्या दिवशी उगवलं. दोन-दोन हृदयाकृती पानं, रेघेत शिस्तीत उभी. रात्री परतीच्या पावसाने झोडपलं. गोणपाट टाकून झाकलं, तरी कडेची माती वाहून गेली.

1 ऑक्टोबर

रोपमर. सकाळी पाहिलं तर दोन रेघांतली रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली, पानं अजून हिरवी. जवळजवळ साठ गेली.

कारण माझंच. बी दाट पडलं, त्यात पावसाची ओल असताना मी संध्याकाळी वर पाणी शिंपडलं. रात्रभर माती ओली राहिली की बुरशीचं फावतं. आज मेलेली रोपं मातीसकट उचलून बाहेर टाकली, दाट जागा विरळ केल्या, ट्रायकोडर्माचं पाणी रेघांमध्ये ओतलं आणि वरून चुलीची राख भुरभुरली. राख सासूबाईंनी सांगितली. त्या म्हणाल्या, “अगं, वांग्याच्या रोपांनासुद्धा आम्ही राखच टाकायचो.” बुरशीवर तिचा किती परिणाम होतो ते मला ठाऊक नाही, पण वरचा थर कोरडा राहतो हे डोळ्यांनी दिसतं. यापुढे पाणी सकाळीच.

5 ऑक्टोबर

आज वाफ्याच्या पश्चिम कडेला मोहरीची एक ओळ पेरली. कोबी अजून लावलेला नाही आणि मोहरी आधी, म्हणून मुलाने विचारलं, “आई, आपण मोहरी खायची का कोबी?”

ही मोहरी अळीसाठी आहे. कोबीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याला कोबीपेक्षा मोहरीवर अंडी घालायला जास्त आवडतं. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत यावर काम झालं आणि शिफारस अशी निघाली की कोबीच्या 25 ओळींना मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. पहिली कोबी लावण्याआधी 15 दिवस, दुसरी लावल्यानंतर 25 दिवसांनी. एकच ओळ पेरली तर ती जून होते आणि पतंग पुन्हा कोबीकडे वळतो. माझ्याकडे ओळी तीनच, पण वेळापत्रक तेच पाळणार. फोडणीच्या डब्यातलीच मोहरी टाकली. उगवते.

20 ऑक्टोबर

लागण. रोपं 28 दिवसांची, चार-पाच पानांची. गेल्या सहा दिवसांत पाणी कमी करत आणलं होतं, त्यामुळे दांडे जांभळट आणि टणक झालेत. लुसलुशीत रोप लावलं की उन्हात मान टाकतं.

तीन ओळी, दोन रोपांत दीड फूट. एका ओळीत 12, एकूण 36. उन्हं कलल्यावर लावली. पहिल्या पानाच्या देठापर्यंत खोल, भोवती माती घट्ट दाबून. पान धरून हलकं ओढलं तर पान फाटावं, रोप उपटू नये, इतकी घट्ट.

प्रत्येक रोपाचा मधला शेंडा बघून घेतला. तीन रोपं दिसायला सगळ्यांत जाडजूड, पण मधे शेंडाच नाही. अशा रोपाला पानं येत राहतात, गड्डा कधीच धरत नाही. ती फेकली. गेल्या वर्षी अशी दोन मी जानेवारीपर्यंत पाणी घालून सांभाळली होती.

उरलेली वीसेक रोपं शेजारच्या आबांना दिली. त्यांची शेती गावाबाहेर, वाटाणा आणि अंजीर. घरच्यापुरता कोबी तेही लावतात.

23 ऑक्टोबर

चार रोपं रात्रीत जमिनीलगत कापलेली. कात्रीने कापावी तशी, आणि वरचा भाग शेजारीच पडलेला. रोपाभोवती बोटाने माती उकरली तर इंचभर खाली मातकट रंगाची, वेटोळं करून पडलेली जाड अळी. तीन सापडल्या. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या चार बोटं उंच नळ्या करून प्रत्येक रोपाभोवती अर्ध्या मातीत रोवल्या. राखून ठेवलेल्या रोपांनी खाडे भरले.

2 नोव्हेंबर, पाडवा

पाहुणे. फक्त खुरपणी झाली आणि जीवामृत दिलं. 20 लिटर पाण्यात 1 किलो शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून ते तीन दिवस ढवळलं होतं.

9 नोव्हेंबर

आली.

मधल्या ओळीत पानांवर छोट्या छोट्या खिडक्या दिसल्या. भोक नाही, खिडकीच. खालचा हिरवा भाग खरवडलेला आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच, त्यातून उजेड दिसतो. पान उलटलं तर पोपटी, दोन्ही टोकांना निमुळती, नखाएवढीही नसलेली अळी. बोट लावताच वळवळून मागे सरकली आणि धाग्याला लटकून खाली उतरली. हीच ती. सायंकाळी वाफ्यावर पाणी मारताना राखी रंगाचे बारीक पतंग भुरकन उडतात. मिटलेल्या पंखांच्या पाठीवर फिकट चौकोनांची नक्षी असते.

36 रोपांवर मोजून 41 अळ्या. मग मोहरीकडे वळले. तिथे मोजणं सोडून दिलं, एकेका पानावर सात-आठ. मोहरी तिचं काम करते आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मला खरंच आनंद झाला.

आबा कुंपणापलीकडून आले. त्यांना म्हटलं, “आबा, फवारू का काही?” ते म्हणाले, “पोरी, छत्तीस रोपांला कसला फवारा? सकाळच्या चहाआधी येक फेरी मार. पान उलटं कर, बोटानं चेमट. आणि माझ्यागत कर नको. आमी औशिदं मारमारून आळीला औशिदाची सवय लावलीया.” आबांचं म्हणणं खरं आहे. रासायनिक कीटकनाशकांना दाद न देण्यात ही अळी जगभर कुप्रसिद्ध आहे. पिढी दोन-तीन आठवड्यांची, त्यामुळे फवाऱ्यातून वाचलेल्यांची प्रजा पटकन वाढते.

तरी मोहरीवर तेवढा निंबोळी अर्क मारला, नाहीतर तिथेच पतंगांची पैदास होईल. 250 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी फडक्यातून पिळून 5 लिटर केलं, म्हणजे पाच टक्के. त्यात किसलेला साबण चिमूटभर. साबणाशिवाय उपयोग नाही. या पानांवर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं. मारताना पंपाचं तोंड खालून वर, पानाच्या पाठीवर, आणि उन्हं उतरल्यावर.

10 ते 18 नोव्हेंबर

रोज सकाळी फेरी. वीस मिनिटं. अळ्या : 23, 19, 26, 14, 9, 11, 7, 8, 5. दुसरी मोहरी 14 तारखेला पूर्व कडेला पेरली आणि त्याच दिवशी रोपांना मातीची भर दिली. मूठ-मूठ शेणखत बुंध्याशी घालून वर माती ओढली.

19 नोव्हेंबर

एका पानाच्या पाठीवर तपकिरी लोकरीसारखा ठिपका. तंबाखूच्या अळीची अंडी, वरून पतंगाने आपल्याच अंगाचे केस चिकटवलेले. एका पुंजक्यात शेकडो अंडी असतात. दुसऱ्या रोपावर ती फुटून गेलेली, सगळी पिल्लं एकाच पानावर घोळक्याने, पानाची जाळी झालेली. दोन्ही पानं तोडून साबणाच्या पाण्यात बुडवली. एक दिवस उशीर झाला असता तर घोळका फुटून रोपारोपांवर पांगला असता.

28 नोव्हेंबर

आज जे दिसलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

कोबीच्या पानांवर तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढरे रेशमी कोष. आधी वाटलं, नवीनच कीड. एक कोष काचेच्या बाटलीत ठेवला होता, चार दिवसांनी आज सकाळी त्यातून मुंगीच्या पिल्लाएवढी काळी गांधीलमाशी निघाली. म्हणजे ही परोपजीवी. ती चौकोनी ठिपक्याच्या अळीच्या अंगात अंडं घालते, तिचं पिल्लू अळीला आतून खातं आणि बाहेर येऊन कोष विणतं. वाफ्यावर असे निदान तीस कोष आहेत. तीस अळ्या मी न मारता मेल्या.

म्हणजे बोटाने चिरडताना मी काही अशाही अळ्या मारल्या असणार, ज्यांच्या आत ही माशी वाढत होती. हे लक्षात आल्यापासून मंद, फिकट पिवळट पडलेली, सुस्त अळी दिसली तर तिला सोडून देते. चपळ हिरवी दिसली तर चिमटते. आणि निंबोळी अर्कसुद्धा आता मोहरीपुरताच, तोही अगदी गरज पडली तर.

मोहरीला मावा लागला आहे. त्यावर ढालकिडे आलेत, लाल पाठीचे आणि त्यांची मगरीसारखी दिसणारी काळी पिल्लं. मुलाला पिल्लं दाखवली. त्याला ती किडीच वाटत होती आणि तो चिरडणार होता.

7 डिसेंबर, चंपाषष्ठी

सकाळी जेजुरीकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ होती. घरी भरीत-रोडगा. चातुर्मासात सोडलेलं वांगं सासूबाई आजपासून खातात.

गड्डे धरू लागले. मधली पानं आतल्या बाजूला वळून एकमेकांवर लपेटली जाताहेत. मोठ्यात मोठा गड्डा माझ्या मुठीएवढा. रात्री थंडी चांगली आहे, सकाळी पानांच्या वाट्यांमध्ये दव साचतं.

मुलाने विचारलं, कोबीला फूल कधी येतं, बी कुठे येतं? आपल्याकडे येत नाही. कोबी दोन वर्षांचं पीक. पहिल्या वर्षी गड्ड्यात अन्न साठवतो, मग कित्येक आठवडे कडक थंडी सोसली की वसंतात गड्डा फोडून फुलांचा दांडा वर काढतो. आपली थंडी त्याला पुरत नाही. म्हणून अशा कोबीचं बी हिमाचलात, कुलू खोऱ्याकडे धरतात. तिथे कटराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. आपण जो गड्डा खातो ती खरं तर एक प्रचंड मोठी कळी, शेंड्याची. नवलकोल हा याच जातीचा फुगलेला दांडा, फुलकोबी हा न उमललेला फुलोरा. युरोपच्या समुद्रकाठच्या एका रानटी झाडापासून माणसाने निवडून निवडून हे सगळं केलं. आपल्या भाषेत नावही पोर्तुगिजांच्या ‘कूव्ह’वरून आलं. एवढं ऐकून तो म्हणाला, “म्हणजे आपण कळी चिरतो?” आणि वाफ्यावर जाऊन बराच वेळ बघत बसला.

13 डिसेंबर

तिसऱ्या ओळीतल्या सातव्या रोपाच्या पानकडेला पिवळा डाग. टोक आतल्या शिरेकडे, रुंद बाजू कडेला, आणि शिरा काळ्या पडलेल्या. देठ आडवा कापला तर आत काळं वर्तुळ. घाण्याच. उपटलं, कंपोस्टमध्ये न टाकता जाळलं. विळा उकळत्या पाण्याने धुतला. हे रोप नेमकं नळाच्या गळक्या तोटीजवळ होतं, पानांवर सतत शिंतोडे. तोटी बदलली.

35 राहिली.

24 डिसेंबर

लावल्यापासून 65 दिवस. पहिला गड्डा काढला, 1 किलो 150 ग्रॅम.

तयार गड्डा आकारावरून ओळखायचा नाही, अंगठ्याने दाबून ओळखायचा. दबला तर अजून आत पोकळ आहे. दगडासारखा लागला तर तयार. धारदार सुरीने बुंध्यावर कापला, खालची पसरट पानं झाडालाच ठेवून. त्याचं कारण पुढे.

कापताना कर्रर्र आवाज आला आणि कापलेल्या जागी पाणी सुटलं. बाजारातला कोबी दोन-तीन दिवसांचा असतो, त्याला हे पाणी नसतं. लगेच पचडी केली. कोबी केसासारखा बारीक चिरायचा, मीठ लावून दाबायचा नाही, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. लिंबू, चिमूट साखर, भरड दाण्याचा कूट, कोथिंबीर, वरून हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची खमंग फोडणी, आणि मीठ अगदी पानात वाढताना. सासूबाईंनी दोनदा घेतली. त्यांना कच्चा कोबी आवडत नाही असं मी इतकी वर्षं समजत होते.

28 डिसेंबर

काल दिवसभर ढगाळ, रात्री शिडकावा. सकाळी दोन गड्डे फुटलेले, वरून आडवी भेग, आतली पांढरी पानं बाहेर.

गेल्या वर्षीचं कोडं आज सुटलं. तयार गड्ड्याला एकदम भरपूर पाणी मिळालं की आतली पानं वाढतात, बाहेरची ताणत नाहीत आणि साल उसवते. म्हणजे कोरडं पडू देऊन मग पाट सोडणं हीच गेल्या वर्षीची चूक. यंदा पाणी मी बेताचं देत होते, आभाळाने दिलं.

गड्डे दाबत फिरले. उभ्या 29 मधले 11 दगडासारखे घट्ट, बाकीचे आठ-दहा दिवसांत होतील. सगळी रोपं एकाच दिवशी पेरली, एकाच दिवशी लावली, मग तयारही एकदमच होणार! अळीच्या मागे लागताना हा साधा हिशेब मनात आला नाही. चार माणसांच्या घरात पंधरा दिवसांत 29 गड्डे.

आबांनी उपाय सांगितला. तयार गड्डा दोन्ही हातांत धरून पाव फेरा फिरवायचा. खालून मुळं तुटल्याचा बारीक कट्-कट् आवाज येतो. काही मुळं तुटली की झाड पाणी कमी ओढतं, गड्डा फुटत नाही आणि थंडीत आहे तिथेच दोन-तीन आठवडे टिकतो. अकरांचे कान पिळले. पाणी बंद.

30 डिसेंबर

फुटलेले दोन आधी संपवायचे. आज ओटा कोबीने भरलेला होता.

एकाची रोजची भाजी. तेल, मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ परतून मग कोबी. झाकणावर पाणी ठेवायचं, भाजीत पाणी घालायचं नाही. मीठ कोबी बसल्यावर, कारण आधी ढीग मोठा दिसतो आणि अंदाज चुकून भाजी खारट होते. आणि जास्त शिजवायचा नाही. ज्याला कोबीचा उग्र वास म्हणतात तो फार वेळ शिजवल्यावर गंधकाच्या संयुगांमुळे सुटतो. दाताखाली किंचित लागेल इतकाच शिजवला तर घरभर वास येत नाही. माझ्या धाकट्या दिराला कोबी नको असायचा तो होस्टेलच्या लगद्यामुळे.

दुसऱ्याच्या वड्या. इथे बाहेरची गर्द हिरवी पानं कामाला आली, बाजारात ती तोडून टाकलेली असतात. जाड शिरा काढून बारीक चिरली, त्यात बेसन, थोडी तांदळाची पिठी, तीळ, ओवा, आलं-मिरची-लसूण. कोबीला मीठ लागताच पाणी सुटतं, तेवढ्यातच पीठ भिजवायचं. उंडे वाफवून, पूर्ण गार करून मगच कापले. गरम कापले की चुरा होतो. अर्ध्या तळल्या, अर्ध्या फोडणीवर परतल्या.

मधला दांडा टाकला नाही. सोलून किसला आणि थालीपिठाच्या भाजणीत घातला. दांडा गोडसर असतो, मुळ्याच्या आणि सफरचंदाच्या मधली काहीतरी चव. मुलाने तर तसाच मीठ लावून खाल्ला.

4 जानेवारी 2025

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या नणंदेचा फोन आला. तिला गड्ड्यांचा ढीग व्हिडिओवर दाखवला, तर म्हणाली, “वहिनी, आंबवून ठेवा ना!” तिच्या भागात टोकदार शेंड्याचा कोबी पिकतो आणि तो खास आंबवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिने कृती सांगितली, मी लिहून घेतली.

तीन गड्डे, चिरून 3 किलो भरला. किलोला 20 ग्रॅम मीठ, म्हणजे 60 ग्रॅम. काट्यावर मोजून, अंदाजाने नाही. मीठ कमी पडलं तर सडतो, फार झालं तर आंबत नाही. खडेमीठ कुटून घेतलं. परातीत दहा मिनिटं मळल्यावर कोबीचंच एवढं पाणी सुटलं की वरून घालावं लागलं नाही. मिरे आणि चमचाभर मोहरी घालून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत मुठीने दाबून भरलं. वर अख्खं पान, त्यावर धुतलेला दगड. कोबी पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे, वर आलेला तुकडा बुरशी धरतो. दादरा बांधला, झाकण घट्ट लावलं नाही, कारण आत वायू होतो. विरजण काही घालायचं नाही, पानांवरचेच जिवाणू हे काम करतात.

सासूबाई बरणीकडे बघून म्हणाल्या, “ही सोवळ्याची बरणी नव्हे ना?” नव्हती.

6 जानेवारी

बरणीत बुडबुडे. वास तीव्र, मुळ्यासारखा.

13 जानेवारी, भोगी

नववा दिवस. बरणी उघडली. रंग फिकट सोनेरी, वास ताकासारखा आंबूस, उग्रपणा पूर्ण गेलेला. थंड देशांत याला महिना लागतो, आपल्या उबेत आठवड्यात होतं. आज तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची लेकुरवाळी भाजी आणि शेजारी हा कोबी. यांनी भाकरीवर लोण्याबरोबर घेतला आणि म्हणाले, कैरीच्या टक्कूसारखं काम करतो. बरणी फ्रीजमध्ये.

19 जानेवारी

हळदीकुंकू. यंदा वाण म्हणून प्लॅस्टिकची डबी नको असं मनात होतंच. बारा बायका येणार होत्या. सकाळी बारा गड्डे कापले, वरची दोन हिरवी पानं ठेवून पुसले आणि सुपात मांडले. सासूबाईंना आधी पटत नव्हतं. वाण टिकाऊ असावं असं त्यांचं म्हणणं. पण पहिल्या काकूंनी गड्डा हातात घेऊन कानाशी दाबला, करकर आवाज ऐकला आणि “घरचा?” असं विचारलं, तेव्हा सासूबाईंनीच पुढे होऊन सगळं सांगितलं. गरम पाण्यातलं बी, मोहरीची ओळ, सकाळची फेरी, सगळं. त्या रोज खिडकीतून बघत होत्या हे मला तेव्हा कळलं.

2 फेब्रुवारी

हिशेब : 36 लावली, एक घाण्याने गेलं, एकाचा शेंडा अळीने खाल्ल्यामुळे गड्डा धरला नाही. 34 गड्डे, 37 किलो 400 ग्रॅम. सगळ्यात मोठा 1 किलो 620, सगळ्यात लहान 700. वाणात 12, आंबवायला 3, आबांना आणि पाहुण्यांना 5, घरात 14. फवारा एकूण तीन वेळा, तिन्ही मोहरीवर.

24 डिसेंबरला कापलेल्या पहिल्या बुंध्याला पानं तशीच ठेवली होती आणि वर सुरीने फुलीची खाच दिली होती. त्यावर आता चार छोटे गड्डे धरलेत, लिंबाएवढे. आणखी दोन-तीन आठवड्यांत मुठीएवढे होतील. सगळ्याच बुंध्यांना येत नाहीत. ऊन वाढलंय, उशिरा कापलेल्यांना नुसती पानंच फुटताहेत, ती आबांच्या शेळ्यांना. शेळ्या कुंपणाशी येऊन थांबतात.

पुढच्या वर्षासाठी : बी तीनदा टाकायचं, 10 सप्टेंबर, 1 ऑक्टोबर, 22 ऑक्टोबर. दर खेपेला 12 रोपं. म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आठवड्याला चार-पाच गड्डे. शेवटची खेप उन्हात सापडेल, तिला हौदाच्या भिंतीची सावली द्यायची. जागा लसणाच्या वाफ्याची. पुठ्ठ्याच्या नळ्या जपून ठेवल्यात.

23 फेब्रुवारी

वाफा मोकळा केला. बुंधे उपटून, कुऱ्हाडीने ठेचून कंपोस्टमध्ये, नाहीतर ते वर्षभर कुजत नाहीत. मुळांवर रोगाच्या गाठी नाहीत, हे बघून घेतलं. उद्या मेथी टाकणार.

शेवटचे तीन मुठीएवढे गड्डे आत आणले. मोहरीची पहिली ओळ वाळून खडखडत होती. ती आठ दिवसांपूर्वी कापून गच्चीवर पसरली होती, आज काठीने झोडपली आणि सुपात पाखडली. अळ्यांनी, माव्याने खाऊन उरलेली 350 ग्रॅम निघाली. दाणा बारीक, काळाभोर. सासूबाईंनी चिमूटभर हातावर घेऊन चोळली, हुंगली आणि फोडणीच्या डब्यातली जुनी मोहरी काढून ही भरली. रात्री त्या तीन छोट्या गड्ड्यांची भाजी हिच्याच फोडणीवर केली.